धक्क्यापासून पायी अंतरावर

१९११ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ९ लाख ८० हजारांच्या आसपास भरली. त्यातली दोन लाखांहून जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. म्हणजे शहरातल्या दर पाच माणसांमागे एक रत्नागिरीचा. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे; तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. कापडगिरण्यांत तर रत्नागिरीकरांचं प्रमाण निम्म्याच्या घरात होतं.

ही माणसं मुंबईत राहिली कुठे? माझगाव, डोंगरी, घोडपदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी. पूर्व किनाऱ्यावरचा भाऊचा धक्का मध्याला धरून तास-दीड तासाच्या चालीएवढं वर्तुळ नकाशावर काढलं, तर यातल्या बहुतेक वस्त्या त्यात येतात.

त्याच काळात आयर्लंड, इटली, पूर्व युरोप सोडून निघालेली माणसं बॉस्टन-न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर उतरत होती. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळातून निसटलेले आयरिश बॉस्टनच्या बंदराला लागून असलेल्या नॉर्थ एंडमध्ये दाटीवाटीने राहिले. न्यूयॉर्कला आधी कॅसल गार्डन आणि १८९२ पासून एलिस बेट हे प्रवेशाचं दार होतं. तिथून मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला उतरलं की लोअर ईस्ट साइड पायी गाठता येत असे. ज्यू आणि इटालियन कुटुंबांची तिथली गर्दी जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांत गणली गेली. आणि हे सगळं कुठे, तर जमीन अफाट पडलेल्या देशात! १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तिथे १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळत होती. मग ती सोडून माणसं धक्क्याशेजारच्या अंधाऱ्या खोल्यांत का राहिली? अमेरिकेच्या इतिहासकारांनी या प्रश्नावर पुष्कळ लिहिलं आहे. आपल्याला उत्तर शोधायला तेवढ्या लांब जायची गरज नाही. रत्नागिरीच्या मांडवी बंदरावरून निघालेल्या माणसाच्या मागे गेलं तरी पुरे.

समुद्र हाच रस्ता

रत्नागिरीहून मुंबई समुद्रमार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. जमिनीवरून ते अंतर जवळपास दीडपट होतं आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती वाट धड नव्हती. सह्याद्रीतून उतरणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांच्या खाड्या किनाऱ्याची वाट जागोजागी तोडतात. पूल नव्हते, तरी होत्या. घाट चढून रेल्वे गाठायची तर देशावर जावं लागे. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ला सुरू झाली. कोकणच्या किनारपट्टीला मात्र रूळ दिसायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

आगबोट आली तशी ही अडचण एका रात्रीवर आली. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत बोटी जात-येत. चिपळूणचा माणूस गोवळकोटला मचव्यात बसायचा, वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळ गाठायचा आणि तिथे आगबोट धरायचा. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे, ती आत खोल पाण्यात उभी राहायची. मांडवीहून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, लाटेबरोबर पडाव वर आला की शिडी पकडायची, मागून वळकटी आणि ट्रंक वर घ्यायची. बायकामुलांना वर चढवताना खलाशांचा आरडाओरडा चाले. डेकवर जागा मिळेल तिथे घोंगडी अंथरायची आणि मुंबईचे दिवे दिसेपर्यंत उलट्या सोसायच्या.

हा प्रवास सुखाचा होता, असं समजायचं कारण नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तरीही माणसं बोटीने जात राहिली, कारण परवडणारी दुसरी वाट नव्हती. अशी एकच वाट असली की ती संपते तिथूनच माणसाची मुंबई सुरू होते.

पैसे तिथेच संपतात

बंदराशेजारी वस्ती होण्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. प्रवासाचं भाडं देऊन झाल्यावर हातात काही उरत नाही. रत्नागिरीत बहुतेक जमीन खोतांकडे होती. कुळाच्या वाट्याला डोंगरउतारावरची वरकस, भाताचा एखादा तुकडा आणि खोताचं देणं. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्याविरुद्धचं विधेयक १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात मांडलं होतं. असा कुळाचा मुलगा मुंबईला निघायचा तो बहुधा उसनवार करून. त्याने पुढे नागपूरच्या किंवा सोलापूरच्या गिरणीत जावं, तर रेल्वेचं वेगळं भाडं हवं. तेवढे पैसे असते तर तो निघालाच नसता.

अमेरिकेत हाच नियम उलट्या बाजूने तपासता येतो. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन कुटुंबांपैकी अनेकजण गावची जमीन विकून, चार पैसे गाठीला बांधून आले. ते बंदरात अडकले नाहीत. मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडे शेती करायला गेले. बाल्टिमोरला तर १८६८ पासून जर्मन जहाज कंपनी आणि रेल्वे कंपनीने मिळून अशी सोय केली होती, की जहाजातून उतरलेला प्रवासी धक्क्यावरच आगगाडीत बसे. म्हणजे पुढच्या प्रवासाचे पैसे आणि पुढची गाडी या दोन्ही गोष्टी असल्या की बंदर माणसाला धरून ठेवत नाही. दुष्काळातून आलेल्या आयरिश माणसाकडे पहिली गोष्टच नव्हती. १६० एकर फुकटात मिळाली तरी बैल, नांगर, बियाणं आणि पहिलं पीक येईपर्यंतचं धान्य आणायचं कुठून?

पहाटे दारात असेल त्याला काम

नुसते पैसे संपले म्हणून कोणी जन्मभर एका जागी राहत नाही. धक्क्याजवळ कामही होतं. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढलेल्या मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीत १८५६ मध्ये काम सुरू झालं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा खेळू लागला. पुढे प्रिन्सेस डॉक १८८० ला, व्हिक्टोरिया डॉक १८८८ ला आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ ला उघडला. कापूस आणि कोळसा यायचा, सूत आणि कापड जायचं ते बंदर आणि रेल्वे यांच्यामधल्या पट्ट्यातून. म्हणून गिरण्या, गोदामं, रेल्वेचे कारखाने सगळं याच पट्ट्यात उभं राहिलं. माणसं ज्या दारातून आली त्याच दारातून कच्चा मालही येत होता, त्यामुळे दोघांची गाठ तिथेच पडली.

कामाची पद्धतही जवळ राहायला भाग पाडणारी होती. गिरणीत कायम नोकरी थोड्यांनाच असे. बाकीचे ‘बदली’. रोज पहाटे गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, कोणी कामावर आला नसेल तर जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, त्याच्या जागी आत घेणार. गोदीत टोळीवाला रोजच्या रोज माणसं निवडायचा. न्यूयॉर्कच्या धक्क्यांवरही हमाल असेच सकाळी अर्धवर्तुळात उभे राहत आणि मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसाचं काम मिळे. अशा कामाला लांबून येता येत नाही. काम मिळेल याची खात्री नसताना ट्रामचं भाडं कोण खर्च करणार? मुंबईत घोड्याची ट्राम १८७४ ला आणि विजेची १९०७ ला आली, पण ती कामगाराच्या रोजच्या वापरातली नव्हती. मुंबईच्या कामगारांच्या घरांवर १९२५ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या बर्नेट-हर्स्ट यांनी नोंदवलं आहे, की गिरणीकामगारांपैकी नव्वद टक्के कामापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत.

शिवाय उधारी. बदली कामगाराला महिन्यात किती दिवस काम मिळेल हे ठरलेलं नसे. मधले दिवस निघायचे ते कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीवर. ती पत एका गल्लीपुरती असते. दोन मैलांवर बिऱ्हाड हलवलं की वही कोरी आणि पतही कोरी. म्हणून घर बदललं तरी माणूस बहुधा त्याच आळीत फिरत राहायचा.

गावाची खोली

तिसरं कारण रत्नागिरीच्या लोकांना सांगायला नको. संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर या तालुक्यांतल्या गावोगावच्या मंडळींनी मुंबईत भाड्याने खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एक खोली एका गावाची, किंवा मोठं गाव असेल तर एका वाडीची. नव्याने आलेला पोरगा धक्क्यावर उतरला की पत्ता विचारत तिथे पोचायचा. आत शिरल्यावर भिंतीला लागून ओळीने ट्रंका, प्रत्येकीला कुलूप. वर दोरीवर कपडे, खुंट्यांना पिशव्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि एका फळीवर गावदेवीची तसबीर. दहा बाय बाराच्या जागेत वीस-पंचवीस माणसांचे ‘गाळे’ असत, पण सगळी एका वेळी कधीच नसत. पहिली पाळी कामावर गेली की रात्रपाळीवाले आडवे होत. माणूस बदलला तरी त्या जागेवरची वळकटी क्वचितच गुंडाळलेली राहायची. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणारी बाई बहुधा आपल्याच भागातली, कोणा कामगाराची विधवा किंवा बायको. या बायकांची पुढे प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली.

ही खोली नुसती झोपण्याची सोय नव्हती. जॉबर गावचा किंवा शेजारच्या गावचा असला तर खोलीतला बुजुर्ग नव्या पोराला त्याच्यासमोर नेऊन उभा करी. आजारी पडला तर खोली बघे, मेला तर खोली वर्गणी काढे. गावात देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पाखाडी बांधायची झाली की पैसे मुंबईच्या मंडळाकडून येत. गोव्याच्या लोकांनीही धोबीतलाव, माझगाव भागांत अशाच गावोगावच्या ‘कुडी’ चालवल्या. बोटीवर काम करणारे तारवटी पुढचं जहाज मिळेपर्यंत तिथे मुक्काम करीत. न्यूयॉर्कमध्ये एकेका गल्लीत इटलीच्या एकेका गावची माणसं राहत आणि ‘पाद्रोने’ नावाचा मुकादम त्यांना काम, खोली आणि कर्ज तिन्ही पुरवी. आपल्या जॉबरशी त्याचं फार जवळचं नातं आहे.

एकदा पहिली दहा माणसं धक्क्याजवळ बसली की अकरावं माणूस दुसरीकडे जात नाही. वस्तीचं हे वळण पहिल्या कारणापेक्षा जास्त टिकतं. पुढे हातात पैसे आले, तरी माणसं तिथून हलत नाहीत.

सगळ्यांना एकच चाळ नव्हती

मात्र धक्क्यापासून निघणाऱ्या वाटा जातीप्रमाणे फुटत होत्या. शिकलेले ब्राह्मण, सारस्वत गिरगावात गेले. कचेऱ्या आणि शाळा त्यांना तिथून जवळ होत्या. मराठा, कुणबी, भंडारी कामगार गिरण्यांभोवती राहिले. कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. सारंग, तांडेल, खलाशी म्हणून जहाजांवर काम करणारी ही मंडळी डोंगरी आणि आसपासच्या मोहल्ल्यांत, गोदीला लागून राहिली.

दलितांची वाट आणखी अरुंद होती. गिरणीच्या विणखात्यात पगार चांगला, पण धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलेलं सवर्ण कामगारांना चालत नव्हतं, म्हणून ते खातं त्यांना बंद. मग उरलं ते गोदी, रेल्वेचे कारखाने, नगरपालिकेची सफाई आणि गिरणीतली कमी पगाराची खाती. घरही सहज मिळत नसे. त्यामुळे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या आणि १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडीच्या सरकारी चाळींत दलित वस्ती मोठी झाली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ कुटुंबाला घेऊन परळला आले. त्यांचे चिरंजीव बाबासाहेब पुढे परळच्या ट्रस्टच्या चाळीतच अनेक वर्षं राहिले. बॅरिस्टर झाल्यावरही त्यांचा पत्ता कामगारवस्तीतलाच होता.

परतीची बोट

इथवर आयरिश माणूस आणि रत्नागिरीकर यांची गोष्ट सारखीच चालते. पुढे मात्र ती वेगळी होते. आयरिश माणूस बहुधा परत गेला नाही. रत्नागिरीकर दरवर्षी गेला.

त्याचं बिऱ्हाड गावीच होतं. बायको, मुलं, म्हातारे आईबाप, भाताचा तुकडा आणि घरचा गणपती. १९११ च्या मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम ५३० बायका होत्या. त्याच्या उलट रत्नागिरीत बायका कायम जास्त. २०११ मध्येही जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. चाकरमानी वर्षभर मनिऑर्डर करायचा आणि सणाला गाव गाठायचा. शिमग्याला पालखी नाचवायला, मे महिन्यात लग्नकार्याला आणि कौलं शाकारायला. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद होत, म्हणून लावणीला थांबणारे त्याआधीच पोचलेले असत. समुद्र शांत होऊन बोटी पुन्हा सुरू झाल्या की गणपतीची गर्दी उसळे.

संकटातही हीच वाट. १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीलगतच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांत शहरातून लाखोंनी पळ काढला. रत्नागिरीकर धक्क्याकडे धावले. १९२८ चा गिरणीसंप जवळपास सहा महिने चालला; कितीतरी कामगार गावी निघून गेले आणि घरच्या भातावर राहिले. मालकाला वाटे, उपाशी राहून कामगार शरण येईल. पण ज्याच्या चुलीला गावचं सरपण आहे, तो इतक्या लवकर उपाशी राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की कोकणी माणूस धक्क्याजवळ राहिला तो नुसता आणून टाकल्यासारखा राहिला नाही. पैसे नव्हते, काम तिथेच होतं, गाववाले तिथेच होते, हे खरंच. पण जिथून परत जाता येतं ती जागा सोडायची नाही, हा त्याचा पक्का हिशेब होता. न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांत त्याचा खरा जोडीदार आयरिश नसून दक्षिण इटलीचा शेतमजूर आहे. तोही एकटाच येई, पैसे गावी पाठवी, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या इटालियनांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं परत गेली. शेतीच्या हंगामात गावी जाणारा माणूस मिनेसोटात जमीन कशाला घेईल?

या नियमाची परीक्षा आणखी लांबच्या बंदरात घेता येते. खेड तालुक्यातल्या फुरूस, करजी या आणि आसपासच्या गावांतली कोकणी मुसलमान माणसं दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेली. तिथेही ती बंदराजवळच्या डिस्ट्रिक्ट सिक्स, सॉल्ट रिव्हर या वस्त्यांत एकमेकांना धरून राहिली, छोटी दुकानं चालवली, लग्नं गावाकडच्या मुलींशी केली आणि कोकणी बोली घरात जपली. १९६६ मध्ये वर्णद्वेषी सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्स फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केलं आणि ती वस्ती पाडली गेली. परतीचं अंतर हजारो मैलांचं झालं, तरी वस्तीची रीत तीच राहिली होती.

दार हललं, वस्ती हलली

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार संपावर गेले. या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. बोटींचा प्रवासही सरला आणि एसटीने त्यांची जागा घेतली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. लालबाग-परळची घरं परवडेनाशी झाल्यावर रत्नागिरीकर गेला कुठे? दिवा, डोंबिवली, ठाणे, नालासोपारा, विरार. यातलं दिवा स्टेशन पाहण्यासारखं आहे. कोकणात जाणाऱ्या साध्या गाड्या तिथून सुटतात आणि कोकणातल्या माणसांची वस्तीही तिथे दाट आहे. जागा स्वस्त होती हे एक कारण. पण स्वस्त जागा इतर स्टेशनांवरही होती. गावची गाडी तिथून सुटते, हे कारण वेगळं मोजायला हवं.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. माणसं अजून जातातच. आणि आता येतातही. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या मच्छीमारी होड्यांवर नेपाळहून आलेले खलाशी काम करतात, हापूसच्या बागांना नेपाळी राखणदार आहेत. हंगामात खलाशी होडीवरच झोपतो, तांडेल हाच त्याचा जॉबर, आणि गावचा आधी आलेला एखादा भाऊबंद हीच त्याची ‘गावाची खोली’. मासेमारी बंद झाली की तो घरी जातो. तो शहरात खोली घेऊन का राहत नाही, असं आपण विचारतो तेव्हा शंभर वर्षांपूर्वी माझगावच्या घरमालकाने आपल्या आजोबांना विचारलेला प्रश्नच विचारत असतो. उत्तरही तेच आहे: पैसे, काम, गाववाले आणि परतीची वाट, चारही गोष्टी त्याला एकाच ठिकाणी मिळतात, आणि ते ठिकाण धक्का आहे.